ताटातील जमाखर्च

निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. रक्त तपासले तेव्हा जीवनसत्त्व ‘बी-१२’ फारच कमी निघाले. आयुष्यभर चौविहार पाळलेल्या, कंदमूळ वर्ज्य केलेल्या मला तो जवळजवळ अपमान वाटला.

आपल्या आहाराचा माझा अभिमान अगदीच निराधार नव्हता. नंदुरबारकडची ज्वारीची भाकरी आणि भौगोलिक मानांकन लाभलेली नवापूरची तूरडाळ घ्या. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढते. मेक्सिकोत मका आणि राजमा, जपानात भात आणि सोयाबीन. एकमेकांना न विचारता सर्वांनी एकच हिशेब जुळविला. (जपानच्या ओकिनावा बेटावरील दीर्घायुषी वृद्धांचे मुख्य अन्न मात्र रताळे होते, ते आपल्या कामाचे नाही.)

चूक मी केलेल्या फेरफारात होती. कोलेस्टेरॉलच्या धास्तीने मी दूध, दही, ताक सोडले, चहादेखील कोरा. बी-१२ सूक्ष्म जीवाणू तयार करतात. धान्य-भाजीत ते नसते. शाकाहाऱ्यास ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट उशिरा कळते. जमा थांबलेली आणि उचल चालू असलेली अशी खाती बँकेत मी पुष्कळ पाहिली होती; स्वतःचे तेवढे पाहिले नाही. शिवाय उतारवयात जठरातील आम्ल घटते आणि शोषणही मंदावते.

औषध म्हणून कॅप्सूल आली. सौ.ने विचारले, “अहो, हे वेष्टण कशाचे?” ते जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले. परत करून साधी गोळी आणली. गोळीतील बी-१२ सुद्धा जीवाणूंच्या किण्वनातूनच बनते, हे कळल्यावर मी उपाश्रयात महाराजसाहेबांना विचारले. उपचार म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही; मात्र दूध का सोडले, असे विचारले. मला नीट उत्तर देता आले नाही.

आता सूर्यास्तापूर्वी ताक असते. उजवा पाय सुधारला. डावा अजून बधिर आहे. उपचारास उशीर झाला की मज्जातंतू पूर्ववत होतातच असे नाही.

सुनेनेही दूध सोडले आहे, पण गोठ्यांतील जनावरांचे हाल पाहून. तिच्या कारणापुढे मी काय बोलणार? एवढेच म्हणालो, “बेटा, गोळी सुरू कर, आणि या महिन्यात रक्त तपासून घे.”