नगरला उतरलो तेव्हा

पुण्याहून औरंगाबादला जाताना नगर साधारण मध्यावर लागते. (आता अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर, पण एसटी स्टँडवर अजून 'नगर, नगर' असाच पुकारा ऐकू येतो.) पंधरा वर्षांत या रस्त्याने आमचे किती फेरे झाले याचा हिशेब नाही. नगर म्हणजे चहा, मुलांचे पाय मोकळे करणे आणि पुन्हा गाडीत बसणे. अम्मी औरंगाबादला होत्या. शनिवारी शाळा सुटली की निघायचे, रविवारी रात्री परत. शेवटची दोन वर्षे त्यांचे डायलिसिस चालू होते. तेव्हा किल्ला कोण पाहणार? मुलांनी विचारले की "येताना बघू" म्हणायचे आणि येताना अंधार पडलेला असायचा.

गेल्या साली अम्मींचा इंतकाल झाला. घाईने जाण्याचे कारण उरले नाही. दिवाळीच्या सुट्टीत धाकटीनेच विषय काढला, "आता तरी नगरला उतरायचं का?"

उतरलो. आधी दमडी मशीद. लहानशीच आहे, पण दगडावरचे नक्षीकाम इतके नाजूक की हात लावायचा धीर होत नाही. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी काढून ती उभी केली, असे सांगतात. मग डोंगरावरचा चांदबीबी महाल. तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. मुर्तझा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर. अष्टकोनी, तीन मजली. वाऱ्याने ओढण्या सांभाळत मुली वर चढल्या आणि नाव चुकीचे का पडले यावर खाली येईपर्यंत वाद घालत राहिल्या. चांदबीबी लढली ती खाली, किल्ल्यात. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट फोडला, तेव्हा तिने रातोरात खिंडार बुजवून घेतले. 1600 साली तिच्याच पक्षाच्या लोकांनी तिला ठार केले.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र दाखवून, वहीत नाव लिहून आत जायचे. बाहेर रुंद खंदक, आत गोल तट. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यसमितीच्या नेत्यांना इथे आणून ठेवले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिले, हे नगरच्या पोराटोरांना ठाऊक असते. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर' इथेच लिहिले, हे मात्र उर्दू शिकलेल्यांनाच सांगावे लागत नाही. हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली ही पत्रे. पाठवायची मुभा नव्हती, म्हणून ती लिहून ठेवलेली. त्यातले चिमण्यांचे पत्र आम्ही वर्गात किती वेळा शिकवले! चिमण्या मौलानांच्या खोलीत घरटी करतात, ते आधी वैतागतात आणि मग दाणे ठेवून त्यांच्याशी मैत्री करतात. मुले हसतात. त्या खोल्यांसमोर उभे राहिल्यावर आम्हाला मात्र वेगळेच पत्र आठवले.

1943 च्या एप्रिलमध्ये मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपणाच्या बातम्या इथे येत होत्या. सरकारकडे काही म्हणणे असेल तर कळवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी अर्ज केला नाही. शेवटची भेट राहूनच गेली. त्यानंतरच्या पत्रात ते लिहितात की आवारात एक जुनी कबर आहे. आल्यापासून शेकडो वेळा नजर तिच्यावर गेली होती, पण आता तिच्याविषयी एक वेगळीच आपुलकी वाटू लागली आहे.

आम्ही ती कबर शोधली. सापडली नाही. पहाऱ्यावरच्या जवानाला विचारले, तर तो नवीनच बदलून आलेला. मग तिथेच खोल्यांसमोर उभे राहून फातिहा पढली. त्या अनामिकासाठी, जुलेखा बेगमसाठी आणि अम्मींसाठी. अम्मींच्या शेवटच्या दिवशी आम्ही सुप्याच्या पुढे रस्त्यातच होतो. थोरलीने विचारले, "मौलाना बायकोला भेटायला का गेले नाहीत?" आम्ही स्वाभिमानाचे कारण सांगितले. तिला ते पटले नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलीला ते लगेच पटावे असेही आम्हाला वाटत नाही.

असरची वेळ झाली होती. फराहबाग राहिला. बागरौजा, म्हणजे शहर वसवणाऱ्या अहमद निजामशाहाची कबर, तीही राहिली. धाकटीने दोन्ही नावे वहीत लिहून घेतली आहेत आणि तारीखही आम्हाला न विचारता टाकली आहे.