राखून ठेवलेला एक बिट

१९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा स्मृतीतील जागेचा पत्ता २४ बिटांचा होता. त्यातून फार तर १६ मेगाबाइट गाठता येत. पत्ता ठेवण्याचा शब्द मात्र ३२ बिटांचा. उरलेले आठ बिट रिकामे. स्मृती महाग होती. काटकसरी प्रोग्रामरांनी त्या मोकळ्या जागेत आपापल्या खुणा ठेवल्या.

पुढे बँका आणि विमा कंपन्यांची खाती याच यंत्रांवर आली आणि १६ मेगाबाइट अपुरे पडू लागले. १९८३ मध्ये एमव्हीएस/एक्सए ही नवी कार्यप्रणाली आली. तिचा पत्ता ३२ बिटांचा व्हावा, हे स्वाभाविक होते. तो ३१ बिटांचाच ठेवला गेला. जुनी आणि नवी पद्धत ओळखता यावी म्हणून एक बिट राखला. मर्यादा चारऐवजी दोन गिगाबाइटवर थांबली. जुन्या प्रोग्रामांना सोबत घेण्याची ती किंमत होती.

त्यानंतर झेड/ओएसने पत्ता ६४ बिटांचा केला. २००४ च्या डीबी२ आवृत्ती ८ ने, तक्त्यांची पाने स्मृतीत जिथे धरून ठेवली जातात ते बफर पूल, दोन गिगाबाइटच्या सीमेपलीकडे नेले. तरीही २४ बिटांचे जुने प्रोग्राम तिथे आजही चालतात.

डेटाबेसच्या स्थलांतरात नोंदी उचलून नेता येतात. अवघड असते ते, कुणी कोणत्या कोपऱ्यात खूण करून ठेवली होती, हे ओळखणे. कारण ती करणारा बहुधा केव्हाच निवृत्त झालेला असतो.