कर नाही त्याला डर कशाला?

ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. तिच्यातला 'कर' म्हणजे करणी, अपराध. घरपट्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही, असे मी दर वर्षी मुलांना बजावतो. पण २०२५ च्या दिवाळीआधी घरातले करांचे कागद पुढे घेऊन बसलो, तेव्हा मुले करतात तोच अर्थ खरा असावा, असे वाटू लागले.

आम्हा पुणेकरांना स्वतःच्या घरात राहण्याबद्दल १९७० पासून घरपट्टीत ४० टक्के सवलत होती. ती मध्येच निघाली, लोकांनी ओरड केली, आणि २०२३ साली ती परत आली. मात्र ज्यांची गेली होती त्यांनी, आपण आपल्याच घरात राहतो, हे अर्ज भरून सिद्ध करायचे! मी सही करू लागलो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, जपून सही करा. सकाळी सातला जाता ते रात्री उगवता!"

घरपट्टी निभावली, अडले ते स्कूटरपाशी. ही अण्णांची स्कूटर, २००० सालच्या दसऱ्याला घेतलेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. २०२० साली तिची फी ३०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती १००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला २०००! पर्यावरण कर वेगळाच. स्टाफरूममध्ये विषय काढायचा अवकाश, प्रत्येकाच्या खिशातून एकेक पावती निघाली. खरे सांगायचे तर सरकारचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जुन्या गाड्या धूर ओकतात. आमची स्कूटर सुरू झाली की शेजारची गॅलरी रिकामी होते.

"या साफसफाईत ती भंगारात काढू," मी जाहीर केले.

अण्णांचे गुडघे गेले आहेत; ते स्कूटर चालवीत नाहीत. पण दर रविवारी तिला पुसतात, जरा तिरकी करतात आणि माझ्याकडून किक मारवून घेतात. माझे बोलणे ऐकून ते काही बोलले नाहीत. आत जाऊन बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. त्यात एक काळवंडलेला पितळी बिल्ला होता, त्यांच्या सायकलीच्या कराचा.

"दर वर्षी रांगेत उभं राहून घ्यायचो," ते म्हणाले. "शिव्या आम्हीही घालायचो हो. पण करापायी सायकल कुणी टाकली नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने स्कूटर आर.टी.ओ.त नेली, ती दाखवली, पैसे भरले. घरी आलो तर अण्णा दारातच उभे.

"किती लागले रे?"

"तीनशे," मी म्हणालो.

"तीनशे? लुटतात मेले!" असे म्हणून ते समाधानाने फडके शोधायला गेले.

पावती मी घाईघाईने रघुवंशाच्या पानांत दडवली. कर तर पुरता भरला होता. तरी छातीत धडधडत होते. म्हणीचा अर्थ मी वर्गात शिकवतो तोच बरोबर आहे.