रेषेबाहेरचं बळ

आज मिरजेत मुलींचे शालेय कबड्डी सामने पाहिले. मैदानात एका बाजूच्या ७ जणी, पण कडेला अख्खी शाळा घसा फोडत होती. चढाई ३० सेकंदांची. हलगीवाल्या पोरानं आधी ठेका संथ धरला. पोरीनं निदानरेषा ओलांडली तशी लय चढवली. तिची पकड झाली. क्षणभर सगळे गप्प, मग तिच्याच नावाचा गजर, आधीपेक्षाही मोठा! उठून बाहेर येताना तिची मान ताठ होती. तंबोऱ्यांच्या या गावाला ही साथ नवी नाही. तंबोरा गाणाऱ्याला एकटं पडू देत नाही. शाळा राखीव खेळाडू सोबत नेतात, तशीच ही आरोळी ठोकणारी पोरंही आवर्जून न्यावीत.