घरातला नवा कारकून

खेड्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी सातबाऱ्याचा उतारा काढायचा असो, ई-पीक पाहणीच्या ॲपवर उभ्या पिकाचे छायाचित्र चढवायचे असो, विम्याचा अर्ज भरायचा असो की आईच्या खात्यात योजनेचा हप्ता जमा झाला किंवा नाही याची शहानिशा करायची असो, ही सारी दप्तरी कामे आज ज्याच्या स्वाधीन झालेली आहेत तो इसम वयाने बाराच्या आसपास असतो, सहावी-सातवीच्या वर्गात बसतो, आणि त्याच्या हुशारीचे घरात इतके कौतुक होते की आपल्या हाती आलेला अधिकार केवढा आहे हे सांगण्याचे कोणाला सुचतच नाही. पूर्वी तलाठ्याच्या चावडीवर खेटे घालून, अर्जनविसाच्या हातावर चार पैसे ठेवून, अंगठा कोठे उठवायचा ते विचारून जी कामे होत ती आता ओसरीवर बसून होतात, आणि अर्जनविसाची जागा घरातल्या पोराने किंवा पोरीने घेतलेली आहे. बापाचा आधार क्रमांक, आईच्या पासबुकावरचा खाते क्रमांक, आजीच्या यूपीआयचा पिन हे सर्व त्याला मुखोद्गत असते. उच्च प्राथमिक शाळेत संगणक शिकवणारी शिक्षिका म्हणून मी ज्यांच्यासमोर उभी राहते ते विद्यार्थी असे आपापल्या कुटुंबाचे बिनपगारी मुखत्यार आहेत. ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात अद्याप पुरती आलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला इतिहास आहे. शाळांतून संगणक शिकवण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयोग आपल्या देशात १९८४-८५ साली ‘क्लास’ या नावाने सुरू झाला आणि त्यासाठी विलायतेहून बीबीसी मायक्रो हे यंत्र आणवण्यात आले. पुढे २००४ साली माहिती-तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली, खोल्यांना रंग लागला, दारावर पाटी लागली, आणि चपला बाहेर काढून आत जाण्याचा जो रिवाज त्या काळी पडला तो कित्येक शाळांतून अजून चालू आहे. या साऱ्या योजनांच्या मुळाशी एकच गृहीतक होते, ते असे की मूल कोरे येते, त्याने यंत्र कधी पाहिलेले नसते, म्हणून मॉनिटर कोणता, माउस कोणता, कळफलक कोणता येथून आरंभ करावा. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि ज्या घरांत एकच साधा फोन होता त्या घरांत मुलाच्या अभ्यासाच्या निमित्ताने हप्त्यावर स्मार्टफोन आला, त्या दिवसापासून ते गृहीतक उलटे झाले. आता मूल वहिवाट घेऊन येते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच की बोटाखाली जे घडते ते का घडते. माउसची ओळख करून देणारा आमचा पहिला धडा मात्र जागचा हललेला नाही.

फोनवर वाढलेल्या या मुलांना संगणकापुढे बसवले की पहिली अडचण येते ती फाइलची. निबंध लिहून होतो, सुरेख सजवलाही जातो, आणि पुढच्या तासाला तो सापडत नाही, कोठे ठेवला असे विचारले तर उत्तर येते, “मॅडम, वर्डमध्ये.” फोनने त्यांच्यापासून फोल्डर नावाची वस्तूच लपवून ठेवलेली आहे, छायाचित्र गॅलरीत असते, गाणे गाण्यांच्या ॲपमध्ये असते, आणि प्रत्येक फाइलला एक नाव, एक जागा व एक जात असते ही कल्पना त्यांच्या अनुभवात येतच नाही. म्हणून वर्षाच्या आरंभीचे बरेच तास मी केवळ फाइलींच्या बंदोबस्तावर खर्च करते, आणि हा कारकुनी पाठ रटाळ आहे अशी तक्रार खुद्द माझ्या सहकाऱ्यांकडूनही ऐकते. परंतु अलीकडे व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहतूक दंडाचे चलान म्हणून, बँकेची सूचना म्हणून ज्या फाइली येतात आणि उघडताच फोनमधले संदेश परक्याच्या हाती देतात, त्यांचे सारे कपट नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांत असते. पत्रिका चित्राच्या रूपाने येईल किंवा पीडीएफच्या रूपाने येईल. नावाच्या शेवटी डॉट एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, तो फोनमध्ये बसू पाहणारा प्रोग्रॅम होय. फाइलीला जात असते हे ज्याला माहीत आहे त्याला हे एका वाक्यात सांगता येते. ज्याला माहीत नाही त्याला ‘अनोळखी काही उघडू नकोस’ एवढेच सांगावे लागते, आणि पत्रिका तर ओळखीच्या मामाच्याच फोनवरून आलेली असते, कारण मामाचा फोन आदल्या दिवशी फसलेला असतो.

येथेच माझा आणि प्रचलित पद्धतीचा मतभेद आहे. इंटरनेटची सुरक्षितता शिकवणे म्हणजे निषेधांची यादी पाठ करून घेणे, अशी समजूत दृढ झालेली आहे: हे करू नका, ते दाबू नका, याच्याशी बोलू नका. कारण न सांगता दिलेली ताकीद मुलाच्या मनात अंधश्रद्धेसारखी बसते, आणि अंधश्रद्धेप्रमाणेच नवे रूप घेऊन आलेल्या संकटापुढे ती निरुपयोगी ठरते. यंत्रणा समजावून सांगण्यास वेळ लागतो, हे मला मान्य आहे. पण सातवीच्या मुलास अपूर्णांकांचा भागाकार समजतो तर संकेतस्थळाचा पत्ता का समजू नये?

तो समजतो, आणि फार लवकर समजतो. टपालाचा पत्ता आपण घर, गल्ली, गाव, तालुका आणि सरतेशेवटी जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो. संकेतस्थळाचे नावही तसेच लहानाकडून मोठ्याकडे जाते, आणि म्हणून ते कोणाच्या मालकीचे आहे याचा निर्णय त्याच्या शेपटाकडे होतो. आरंभीच्या जोड तिरक्या रेघा सोडून द्यायच्या, पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची, आणि तेथून मागे मागे वाचत यायचे, हा नियम फळ्यावर मांडला की वर्गात चुरस लागते. राज्याच्या भूमिअभिलेखांचे संकेतस्थळ घ्या. त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असते, आणि हे शेपूट सरकारी संस्थांखेरीज कोणास मिळत नाही. उलट नावाच्या आरंभी बँकेचे नाव, मध्ये ‘केवायसी’, आणि शेवटी भलतीच दोन अक्षरे असा पत्ता दिसला की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा तो नामंजूर करतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाविषयीचा गैरसमज मात्र मोठ्यांतही आहे. ते कुलूप इतकेच सांगते की तुमचे आणि त्या स्थळाचे बोलणे वाटेत कोणी ऐकत नाही. समोरचा गृहस्थ प्रामाणिक आहे याची हमी ते देत नाही, आणि हल्ली ते भामट्यांनाही फुकट मिळते. पूर्वी बनावट संदेश त्यातल्या भयंकर मराठीवरून ओळखता येत असे, व आम्ही शिक्षक त्याचा थोडा अभिमानही बाळगत होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कृपेने भामट्यांचे मराठी आता आमच्या काही परिपत्रकांहून शुद्ध झालेले आहे.

मराठीवरून आठवले म्हणून थोडे विषयांतर करते. आमची मुले मराठी लिहितात ती रोमन अक्षरांतून किंवा फोनला सांगून, आणि भारतीय मानक ब्यूरोने प्रमाण म्हणून स्वीकारलेला इनस्क्रिप्ट कळफलक त्यांना प्रथम शिक्षेसारखा वाटतो. परंतु त्या कळफलकाची रचना ज्यांनी केली त्यांनी आपली वर्णमालाच त्यात उतरवलेली आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला; क दाबला तर क, आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली तर ख; ग आणि घ एका कळीवर, त आणि थ एका कळीवर, प आणि फ एका कळीवर. अल्पप्राण आणि महाप्राण यांचा जो भेद व्याकरणाच्या तासाला डोळ्यांवरून निघून जातो तो येथे करंगळीला कळतो. शिवाय हीच रचना कन्नडला, गुजरातीला, बंगालीला चालते. यात सुरक्षिततेचा काही संबंध नाही, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पृष्ठभागाखाली एक व्यवस्था असते आणि ती आपणास उकलता येते, हा विश्वास मुलास एकदा आला की पुढचे माझे निम्मे काम होते, म्हणून मी ते शिकवते.

क्यूआरच्या चौकोनाची गोष्ट याच जातीची आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत हे चौकोन आणण्याचा उद्योग केला, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, आणि आज बालभारतीच्या पुस्तकांतील चौकोन दीक्षा ॲपने वाचून पाठाचा व्हिडिओ पाहणे मुलांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळे चौकोन म्हणजे काहीतरी मिळण्याची जागा अशी त्यांची भावना होते. आणि घरची जुनी मोटारसायकल विकायला काढली असता समोरच्या गिऱ्हाइकाने ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे सांगितले की घरातला हा छोटा कारकून विनातक्रार हुकूम पाळतो. म्हणून माझ्या वर्गात एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला जातो: पिन पैसे देताना लागतो, शिल्लक पाहताना लागतो, पैसे येताना कधीही लागत नाही.

छायाचित्रांचा पाठ सर्वांत अवघड, आणि सुदैवाने त्याला इंटरनेट लागत नाही. आमच्या खोलीतील संगणक एकमेकांस तारेने जोडलेले आहेत तेवढे पुरते. एका मुलीने काढलेले चित्र, बहुधा मोराचे, मी तिला शेजारच्या संगणकावर पाठवायला सांगते, शेजारी पुढे पाठवतो, आणि दोन मिनिटांत ते साऱ्या खोलीत पसरते. मग तिला सांगते, आता तुझे चित्र पुसून टाक. ती पुसते. “गेले का?” या प्रश्नावर वर्गात जो गलका होतो त्यात ‘पाठवणे’ म्हणजे देणे नसून नक्कल करणे होय, आणि नकलेवर मालकाची सत्ता चालत नाही, हे व्याख्यानावाचून सिद्ध झालेले असते. याच मुलांच्या वर्गात बहुतेकांची इन्स्टाग्रामवर खाती असतात. कंपनीच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षे पूर्ण हवीत, म्हणून जन्मसाल खोटे लिहिलेले असते, आणि त्या खोट्या सालाची किंमत त्यांना माहीत नसते. अल्पवयीनांच्या खात्यांना जे आपोआप खासगीपण मिळते आणि परक्यांच्या संदेशांस जो अटकाव होतो, ते सारे स्वतःला पंचवीस वर्षांची म्हणवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला कसे मिळावे? हा हिशेब मांडला की पुष्कळ मुली निमूटपणे खात्यातली तारीख बदलण्याविषयी विचारू लागतात.

अफवांविषयी शिकवताना मी धुळे जिल्ह्याचे नाव घेतल्यावाचून राहत नाही. साक्री तालुक्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती; मोटारसायकलवरून मूल उचलणारे लोक शेवटी ते परत आणून सोडतात व मुलांना जपा असा फलक दाखवतात, तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. ती फीत मी वर्गात दाखवत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातील एक नाटुकले घेते, ज्यात एक मुलगा दुसऱ्याला मारतो आणि मग दोघे हात जोडून प्रेक्षकांना नमस्कार करतात, आणि तो नमस्कार मुलांकडूनच कापून घेते. कात्री चालवण्यास लागणारा वेळ पाहून ती स्वतःच चकित होतात.

आता राहिला घराचा प्रश्न, आणि खरे विघ्न तेथेच आहे. एखाद्या मुलीला कोणी छायाचित्रावरून धमकावू लागला तर ती कोणास सांगते? बहुधा कोणासही नाही. कारण सांगितले तर प्रथम फोन जाईल, मग बाहेर जाणे बंद होईल, आणि काही घरांत शाळाही सुटेल, हे तिला पक्के ठाऊक असते, आणि धमकावणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याची सारी दहशत आपल्या या शिक्षेवर उभी आहे. कायदा तिच्या बाजूस आहे: २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ६७ ब हे कलम आहे, १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे; पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर तत्काळ कळवल्यास रक्कम वाटेत अडवता येण्याचा संभव असतो, आणि येथे तासाभराचा विलंबही महाग पडतो. पण जे मूल मार खाण्याच्या भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प बसते त्याला या क्रमांकांचा काय उपयोग? पाहुण्या व्याख्यात्यांनी शाळेत येऊन भयकथा सांगण्याचे जे कार्यक्रम होतात त्यांस माझा विरोध याच कारणासाठी आहे. भ्यालेले मूल सावध होत नाही, ते लपवण्यात तरबेज होते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी आणि फोन बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. त्या गावाच्या एकजुटीचे मला कौतुक आहे, अभ्यासासाठी तो दीड तास मोलाचाही आहे. परंतु साडेआठचा भोंगा वाजल्यानंतर फोन हाती आला की त्याचे काय करायचे, हा प्रश्न भोंग्याच्या अखत्यारीतला नाही, तो माझ्या तासाचा आहे.

पालकसभेत मी एकच दरखास्त मांडते: मूल आपण होऊन काही सांगायला आले तर त्या कारणासाठी फोन काढून घेऊ नये. दर वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी उठून विचारतो, “मॅडम, मग धाक कसा राहायचा?” मी सांगते, धाकासाठी दुसरी कारणे शोधा, झोपायच्या आधी फोन माजघरात ठेवण्याचा नियम करा आणि तो स्वतःलाही लावा. पहिल्या अर्ध्याला माना डोलतात. दुसऱ्या अर्ध्याला सभेत चुळबुळ सुरू होते, आणि खरे सांगायचे तर आमच्या घरीही तो ठराव अजून एकमताने मंजूर झालेला नाही.