मागची लाइट

हेडलाइट गेली तर समोर अंधार होतो. इंडिकेटरचा एक बल्ब उडाला तर टिकटिक एकदम घाईला येते. टेल लाइट मात्र गुपचूप जाते, आणि ते आपल्याला सांगतो कुणीतरी परका माणूस. "ओ काका, मागची लाइट बंद आहे!" एवढं ओरडून तो पुढे निघूनही जातो, आभार मानायची संधी देत नाही. साइड स्टँड, चाकाकडे निघालेली ओढणी आणि मागची लाइट, एवढ्या तीन गोष्टी सांगायला आपल्याकडे ओळखपाळख लागत नाही.

बाबांच्या जुन्या चेतकला बॅटरीच नव्हती. सगळे दिवे इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालायचे. सिग्नलला थांबलं की उजेड पिवळट व्हायचा, ॲक्सिलरेटर पिळला की लख्ख. त्यात एक गोम होती. हेडलाइटचा बल्ब उडाला की त्याच्या वाटणीचा भारही मागच्या इवल्याशा बल्बावर यायचा आणि पाठोपाठ तोही जायचा. म्हणून डिकीत, प्लगपान्याशेजारी, जुन्या मोज्यात गुंडाळलेले जादा बल्ब कायम असत. बाबा गेलेला बल्ब कानाशी नेऊन हलवत. तुटलेली तार आत किणकिणली की निकाल लागला. आवाज आला नाही, काचही काळवंडलेली दिसली नाही, तर बल्बावर लगेच आळ घ्यायचा नाही, आधी होल्डर बघायचा. आतल्या पितळी टोकावर हिरवट थर चढलेला असे. पॉलिश पेपरचा तुकडा बोटाच्या टोकाला गुंडाळून बाबा तो खरवडत, मग बल्ब दाबून अलगद फिरवत. स्प्रिंगने 'कट' केलं की बसला. लाल काच लावण्याआधी मला मागे उभं करून स्कूटर सुरू करत आणि विचारत, "लागली का रे?" तेव्हापासून घरातल्या सगळ्या गाड्यांच्या मागे उभं राहण्याचं खातं माझ्याकडे आलं.

पुढे मी सेकंडहँड मारुती ८०० घेतली. तिचा मागचा बल्ब दोन तारांचा, ५ वॅटची तार रात्रीसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या दोन पिना मुद्दाम खालीवर बसवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. ज्याने कुणी हे योजलं त्याला घाईतल्या माणसाची चांगली पारख होती. एका पावसाळ्यात ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणायला लागला. ऑटो इलेक्ट्रिशियनने बल्बाला हात न लावता अर्थिंगची तार सोडवली, घासली, पुन्हा आवळली. "अर्थ मिळाली नाही की करंट शेजाऱ्याच्या घरातून वाट काढतो साहेब," तो म्हणाला. शाळेत वीज शिकलो होतो, पण अशी नाही.

आताच्या गाडीला एलईडी आहे. वर्षानुवर्षं टिकते, आणि गेलीच तर बहुधा अख्खा दिवा बदलावा लागतो. पॉलिश पेपरच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांतला मी नाही. मागचा दिवा जातच नसेल तर उत्तमच.

पण रस्त्यावर सगळंच काही नवं नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की मागचा लाल दिवा रात्री १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागची नंबरप्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवून बघा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर उंच रचलेला ऊस, आणि मागे काळोख. दिवा असलाच तर तो लोंबणाऱ्या उसाआड गेलेला. अशा ट्रॉलीवर आदळून दुचाकीवाले मरतात, दर हंगामात पेपरात वाचतो.

तेव्हा अशी ट्रॉली दिसली तर ओलांडताना ड्रायव्हरला सांगा. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात, पहिल्या हाकेला ऐकू जात नाही. दोनदा सांगा.