सभागृहातली आपली जागा



चातुर्मास संपला की आम्ही पाच जणी एक दिवस स्वतःसाठी काढतो. एरवी आमची सहल म्हणजे क्षेत्रदर्शनच. या वेळी मी म्हटलं, जी इमारत जन्मभर बाहेरून बघत आलो ती आतून बघू या. ती म्हणजे सीएसएमटी स्टेशनसमोरचं मुंबई महानगरपालिकेचं मुख्यालय. २०२१च्या जानेवारीत तिथे लोकांसाठी वाटाड्यासोबतची वारसा फेरी सुरू झाली. आधी नाव नोंदवून जायचं.

आमच्यातली सगळ्यात मोठी अक्का म्हणाली, "पालिकेत काय बघायचं गं? फायली?" पण आली. डब्यात दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, गाळून उकळलेलं पाणी. सूर्यास्ताआधी घरी पोहोचायचं हेही ठरलेलंच.

ठाण्याहून लोकलने उतरलो आणि आधी स्टेशनच पाहिलं. इतकी वर्षं या स्टेशनात आपण धावतच आलो, मान वर कधी केली नाही. कमानींवर दगडात कोरलेले प्राणी-पक्षी, वेली, पानं. यातलं पुष्कळ काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा. २००४ साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा मान दिला. स्टेशन आणि पालिका या दोन्ही इमारतींचा वास्तुकार एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. मग दोघींचा तोंडवळा जुळतो यात नवल ते काय!

रस्ता ओलांडला. दारासमोर सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा. वर पाहिलं तर इमारतीच्या माथ्याजवळ पंख असलेली एक स्त्री, ती म्हणजे मुंबई नगरी. आत मोठा जिना, डोक्यावर घुमट आणि रंगीत काचांतून येणारा उजेड. अक्काचा आवाज आपोआप खाली आला. मंदिरात येतो तसा.

पण मला खरं गुंतवलं ते आकड्यांनी. मी बी.कॉम. झालेली. लग्नानंतर हिशेब केला तो किराण्याचा आणि महिला मंडळाचा, तरी खोड जात नाही. लॉर्ड रिपन यांच्या हस्ते १८८४ला पायाभरणी झाली. बांधकाम १८८९च्या एप्रिलला सुरू होऊन १८९३च्या जुलैत संपलं. मंजूर अंदाज होता ११,८८,०८२ रुपये. प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९. मी जिन्यातच मनात वजाबाकी केली: ६८,११३ रुपये कमी! सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या बांधकामाचा शेवटचा रुपया तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

हे ऐकून शेजारची वहिनी हळूच म्हणाली, "आणि आपल्या धर्मशाळेचं?"

आम्ही गप्प झालो. संस्थेचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. आम्ही पाचही जणींनी त्या बांधकामाला दिलंय. वहिनीने तर दोन बांगड्या दिल्या. काम अर्ध्यावर थांबून तीन वर्षं झाली. वार्षिक सभेत हिशेब भराभर वाचला जातो, पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" होतं, आणि मागे बसलेल्या आम्ही तोवर पानं वाढायला उठलेल्या असतो.

त्यानंतर आम्ही सभागृह पाहिलं. सागवानी लाकडाचं काम, उंच छत, महापौरांचं आसन. १९५६ साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. आज २२७ जागांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी राखीव आहेत. बघ्यांसाठी वेगळी गॅलरी आहे. तिच्याकडे बोट दाखवून अक्का म्हणाली, "आपण जन्मभर त्या गॅलरीत बसलो."

मैत्रिणींनो, आपल्याकडे एक समज पक्का आहे. दान दिलं की विसरावं, विचारलं तर पुण्य कमी होतं. "मी दिलं" हा अहंकार सोडायचा, हे खरंच. अपरिग्रह तोच शिकवतो. पण दिलेला पैसा माझा राहिला नाही म्हणून तो कोणाचाच नाही, असं होतं का? तो देवाचा, संघाचा, उद्या तिथे उतरणाऱ्या दमलेल्या यात्रेकरूचा. माझ्या पैशाचा हिशेब मी एक वेळ ठेवणार नाही, पण दुसऱ्याच्या पैशाचा ठेवायलाच हवा. आपण मंदिरातल्या तांदळाचा दाणासुद्धा घरी नेत नाही. अचौर्याचं व्रत इतकं बारीक पाळणाऱ्या बायकांनी हिशेब मागताना का संकोचावं? आणि विचारणं म्हणजे आरोप नव्हे. हिशेब चोख असेल तर तो दाखवणाऱ्याची मानच उंच होते.

परतीच्या गाडीत चौघींना बसायला मिळालं, मी उभी. अक्काने पर्समधून वाण्याच्या यादीचा कागद काढला आणि पाठीमागे तीन प्रश्न लिहायला लावले. मूळ अंदाज किती होता? आजवर खर्च किती झाला? उरलेलं काम किती रुपयांत आणि कधी पुरं होणार? भाषा नम्र ठेवली आहे, "कृपया कळवावे" अशी. खाली पाच जणींच्या सह्या. वहिनीचा हात सही करताना थबकला. तिच्या यजमानांचा विश्वस्तांशी घरोबा आहे. दोन स्टेशनं गेली, मग तिने सही केली.

पत्र पोचतं झालं आहे. सभा पुढच्या महिन्यात आहे. उत्तर काय येईल, आत्ता सांगता येत नाही. एवढं मात्र ठरलंय की त्या दिवशी हिशेबाचं वाचन पूर्ण होईपर्यंत आमच्यातली एकही जण पानं वाढायला उठणार नाही.